चौदावं मिनिट

धुकं असं पडलं होतं, की बसच्या ड्रायव्हरला स्टॉप दिसेना. शेवटी पुढचं चाक एका खड्ड्यात आदळलं, तसा कंडक्टर ओरडला, "चला, दस्तऐवजवाले उतरा! तुमचा खड्डा आला!" बाई हसत उतरल्या. त्या दिवसात हसण्यासारखं तेवढंच होतं.

इमारतीवर पाटी होती, 'जुने दस्तऐवज, नक्कल विभाग'. पाटी वाचून कधीमधी एखादा बापडा जन्माचा दाखला मागायला यायचा, आणि दारावरचा पहारेकरी त्याला थंडपणे सांगायचा, "मशीन बिघडलंय." मशीन एकवीस वर्षं बिघडलेलंच होतं. तिसऱ्या मजल्यावर ना दस्तऐवज होते, ना नकला. तिथं अकरा टेबलं होती, अकरा कॉम्प्युटर, आणि कानाला हेडफोन लावून बसलेली अकरा माणसं. बाजारात, स्टेशनात काही फुटू नये म्हणून ही माणसं परक्यांच्या फोनवर कान देऊन बसायची. खात्याला हात पुष्कळ होते, डोळेही पुष्कळ. हा मजला म्हणजे त्याचा कान.

बाईंचं वय चोपन्न. घरी नवरा. त्याची हयात छापखान्यात मशीनशेजारी गेली आणि जाताना कान घेऊन गेली. दिवसभर लोकांचं हळू बोलणं ऐकायचं आणि घरी येऊन स्वतः बोंबलायचं, असा बाईंचा संसार. नवऱ्यालाही ठाऊक एवढंच, की बायको नकला करते. "एवढ्या नकला करून होतं काय?" असं त्यानं लग्नानंतर दहाव्या वर्षी एकदा विचारलं होतं. "पगार होतो," बाई म्हणाल्या होत्या. त्यानंतर त्यानं विचारलं नाही.

बाईंनी स्वेटर खुर्चीला लावला, हेडफोन स्पिरिटच्या बोळ्यानं पुसले आणि रात्रीत आलेले फोन पडद्यावर उघडले. त्यांच्याकडे सहा लाइनी होत्या. सहा लाइनी, दोन कान, आठ तास. यात मेळ बसवायला खात्यानं एक नियम केला होता आणि नियम चांगला होता. गुडघेदुखी, साबणाचे भाव, सासू-सुनेची धुसफूस असलं काही कागदावर उतरायचं नाही. लोकांचा संसार सरकारी फाइलीत कशाला? तिथं नुसतं 'घ.' लिहायचं, म्हणजे घरगुती, आणि पुढं वेळ. पण माणसाची जात ती. न लिहिण्याची मुभा मिळाली आणि हळूहळू न ऐकण्याची सवय लागली. बावीस मिनिटांचा फोन असेल तर सुरुवातीची दोन मिनिटं ऐकायची, मध्ये कुठेतरी एकदा, शेवटचं एक. याला मजल्यावर 'बुडी मारणं' म्हणत. सगळेच मारत. बाईंची बुडी तर नावाजलेली. नुसत्या श्वासावरून त्या सांगायच्या, की आता भांडण होणार का उखाळ्यापाखाळ्या निघणार.

एकोणचाळीस नंबरची लाइन बाईंकडे आठ महिने होती. एका वेल्डरच्या आईचा फोन. खाली वेल्डिंगचं दुकान, वर घर. या म्हातारीचा गुन्हा एवढाच, की ती एकाची मावशी होती. तिच्या धाकट्या बहिणीचा मुलगा दीड वर्षापूर्वी घरातून गेला आणि 'त्या' लोकांना जाऊन मिळाला. एका स्फोटातल्या मोटरसायकलवर त्याच्या बोटांचे ठसे निघाले होते. दोघी बहिणी रोज सकाळी फोनवर बोलायच्या. आठ महिन्यांत त्याचं नाव दोघींच्याही तोंडी आलं नव्हतं. म्हणूनच गेल्या बुधवारी बाईंनी वर लिहून पाठवलं होतं : लाइनीत निव्वळ घरगुती बोलणं, परवानगीची मुदत संपतेय, ती वाढवू नये.

नऊ वाजता साहेब आले. साहेब बाईंपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, काडीसारखे, काखेत कायम एक स्टीलचा थर्मास. माघारी सगळे त्यांना थर्मासच म्हणायचे. आत काय उकळतंय ते बाहेरून हात लावला तरी कळत नसे. त्यांनी दार लावून घेतलं तेव्हाच अकराही जणांनी हेडफोन उतरवले.

"सीमेवर एकजण सापडलाय," साहेब म्हणाले. "त्यानं तोंड उघडलंय. मोटरसायकलवाला मुलगा सहा दिवसांपासून याच शहरात आहे. परवा रविवारी भरबाजारात काहीतरी करायचंय. कुठं राहतोय ते त्यालाही माहीत नाही. मुलाच्या ज्या ज्या नातेवाइकांवर आपला कान आहे, त्यांचा दहा दिवसांतला एकेक 'घ.' काढा. पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत. दुपारी बाराला मला लेखी हवं."

मग ते बाईंच्या टेबलाशी थांबले. "तुमची एकोणचाळीसची शिफारस माझ्याकडे पडलीय. सही करायची राहिलीय. करू?"

"थांबा साहेब," बाई म्हणाल्या. "दुपारपर्यंत थांबा."

शेवटच्या दहा दिवसांतला एकही फोन आपण अख्खा ऐकलेला नाही, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

शेजारच्या टेबलावर मास्तर बसायचे. आधी शाळेत होते. चार तऱ्हेच्या बोली येतात म्हणून खात्यानं त्यांना उचललं होतं. ते हळूच म्हणाले, "बाई, तोंड का उतरलं? म्हाताऱ्या बायकांच्या साबणात काय बॉम्ब निघणार आहे?"

"तुमच्या तोंडात साखर पडो," म्हणून बाईंनी हेडफोन चढवले.

गुरुवार ऐकला. बुधवार ऐकला. सरळ क्रमानं न जाता त्या मागं मागं जात होत्या, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मंगळवारचा फोन सहा मिनिटांचा निघाला, तो स्वच्छ होता. मग सोमवारचा, बावीस मिनिटांचा. सुरुवात ओळखीची होती, गुडघा आणि शेजाऱ्याचं मांजर. नवव्या मिनिटाला सुनेच्या माहेरचा विषय. सून दोन आठवड्यांपूर्वीच बाळंतपणाला माहेरी गेली होती. हे त्यांनी सोमवारीही ऐकलं होतं. मधली बुडी इथंच मारली होती.

चौदाव्या मिनिटाला धाकटी म्हणाली, "वाफ दिलीस का गं, ताई?"

"दिली की. दोन उशा दिल्यात पाठीला, बसूनच झोपतो. छातीत मांजर घुरघुरावं तसं ऐकू येतं मला खाली."

"पाण्यात निलगिरीचं तेल टाक."

"टाकते गं. तू रडू नको. तू रडलीस ना, की माझे पाय जिन्यावर चढत नाहीत."

मग थोरलीनं विषय काढला, की पूर्वीसारखा फेस आता साबणाला राहिला नाही.

बाईंनी ते परत ऐकलं. पुन्हा ऐकलं. वेल्डरला दमा नव्हता. वेल्डर म्हणजे भोंगा. फोनमागं त्याचं ओरडणं ऐकून बाईंनाच कितीदा आवाज कमी करावा लागे. सून माहेरी. मग त्या घरात बसून झोपणारा कोण? बाईंना पहिला महिना आठवला. लाइन नवी होती, तेव्हा त्या शब्दन् शब्द ऐकत. धाकटी रडत म्हणाली होती, "जाताना पंप घरीच विसरला गं ताई. दम लागला तर कोण आहे तिथं त्याला?" 'तिथं' म्हणजे कुठं, हे दोघींनाही ठाऊक नव्हतं. बाईंनी त्याच्यापुढंही 'घ.' लिहिलं होतं. एका आईचं रडणं कशाला लिहायचं? फाइलीत पोराची उंची होती, हातावरचा व्रण होता, शाळेचं नाव होतं. दमा नव्हता. दमा फक्त बाईंच्या डोक्यात होता.

"मास्तर," त्या म्हणाल्या. "सापडलं."

मास्तरांनी एक कान लावून ऐकलं आणि त्यांचाही चेहरा बदलला. "सोमवारी किती बुड्या?"

"तीन. नववं घेतलं, चौदावं सुटलं."

"चार दिवस झाले."

"माहीत आहे मला चार दिवस झाले! मोजता येतात मला!"

मास्तरांनी इकडं तिकडं पाहिलं आणि खुर्ची जवळ ओढली. "ऐका माझं. आवाज खरखरीत होता असं लिहा. आज पुन्हा लावला, तेव्हा जरा उमगलं. कुणी तुमचा केसही वाकडा करणार नाही. साडेतीन वर्षं राहिलीत तुमच्या निवृत्तीला, आपल्या हातानं पायावर कशाला धोंडा पाडून घेता?"

सल्ला वेडा नव्हता. मजल्यावर अशीच पांघरुणं घातली जायची. पण खरखरीत आवाज म्हटला, की त्याची वाट ठरलेली. तो आधी तळमजल्यावर जायचा, तिथली मंडळी यंत्रातून तो स्वच्छ करायची आणि त्यांची सही होईपर्यंत त्यातल्या एका शब्दावरही खातं पाऊल उचलत नसे. तळमजल्याला 'धोबीघाट' म्हणत. धोबीघाटावर एक दिवस तर कुठं गेला नाही.

"आज शुक्रवार आहे, मास्तर. उद्या संध्याकाळी कागद वर येईल. परवा बाजार."

मास्तरांनी खुर्ची परत आपल्या टेबलाशी नेली.

बाई उठून बाथरूममध्ये गेल्या. आरशात कानाच्या पाळ्या लालभडक दिसत होत्या. नळाखाली हात धरून त्या नुसत्या उभ्या राहिल्या. नोकरीची भीती होतीच, पण तेवढीच नव्हती. त्या म्हातारीला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं आणि सख्ख्या बहिणीपेक्षा जास्त ओळखत होत्या. तिचा कुठला गुडघा आधी धरतो, ती दाराची किल्ली कुठल्या डब्यात ठेवते, सुनेला मुलगी व्हावी म्हणून ती मनातून कशी आसुसलीय, सगळं. आठ महिने तिच्याच बोलण्यावर आपलं पोट भरलं होतं. आता आपण एक वाक्य बोललो, की तिच्या दाराशी माणसं जाणार. आणि नाही बोललो, की परवा भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका... पुढचं त्यांनी मनातही पुरं केलं नाही. नळ बंद केला आणि त्या थेट साहेबांच्या खोलीत गेल्या.

"सोमवारच्या फोनमध्ये आहे, साहेब. म्हातारी कुणालातरी लपवून वाफ देतेय. मुलाला लहानपणापासून दमा आहे."

साहेबांनी मान वर केली. "फाइलीत दमा नाही."

"मी लिहिला नव्हता. पहिल्याच महिन्यात ऐकला होता."

"सोमवारचा आवाज स्पष्ट आहे?"

हाच तो प्रश्न. बाईंनी खुर्चीची पाठ धरली. "आरशासारखा."

"मग सोमवारीच का नाही आलात माझ्याकडे?"

"ऐकलंच नव्हतं मी. तीन ठिकाणी बुडी मारली आणि 'घ.' लिहून मोकळी झाले."

साहेबांनी थर्मासचं झाकण उघडलं, कपात चहा ओतला आणि तो प्यायलाच विसरले. मग एक कोरा कागद पुढं सरकवला. "हेच लिहून द्या. चार ओळी. बुडीही लिहा. वर वाचणाऱ्याला धोबीघाटाची आठवण व्हायला नको."

बाईंनी लिहिलं. खाली सही केली. साहेब कागद घेऊन उठले. दारातून वळून म्हणाले, "तुम्ही लाइनीवर बसा. आता जिवंत ऐकायचं. जागच्या हलू नका."

त्यानंतरचे तास बाईंनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. एकोणचाळीस मुकी होती. सकाळचा फोन आज झालाच नव्हता. एकदा वाटलं, पोरगा कालच निघून गेला असेल, चार दिवसांत माणूस कुठल्या कुठं जातो. एकदा वाटलं, आपण चुकलो. म्हातारीनं नात्यातल्या कुणा आजाऱ्याला ठेवून घेतलं असेल आणि आता हकनाक त्या घराचं दार मोडणार. मास्तरांनी आपला डबा पुढं केला.

"दोन घास तरी खा."

"गिळवत नाही हो."

"मग निदान माझ्याकडे बघत बसू नका, मलाही गिळवत नाही."

चारला वीस मिनिटं असताना पडद्यावर हिरवा ठिपका उजळला. थोरलीनं फोन लावला होता.

"सकाळी का नाही केलास गं?" धाकटी म्हणाली.

"सकाळी मेलं फुरसत कुठं होती. खाली ट्रक आला होता सामानाचा." म्हातारीचा आवाज दमलेला होता. मागं कुणीतरी खोकलं. कोरडा, लांबलेला खोकला. बाईंनी वेळ लिहिली, आणि घरगुती आहे की नाही याचा विचार न करता शब्दन् शब्द लिहायला लागल्या.

"कमी आहे का?"

"काल बरं होतं. आज पुन्हा. मी म्हटलं त्याला, डॉक्टरला दाखवू. तर म्हणतो, परवानंतर."

"परवानंतर काय?"

"मला नाही माहीत. खाली दोघं कुजबुजतात. मी विचारलं तर माझाच पोरगा माझ्यावर डोळे वटारतो. ताई ताई म्हणतेस, पण ताईला या घरात कोण..." ती थांबली. "थांब हं. दार वाजतंय. बघते कोण तडमडलंय. ठेवू नको."

फोन कुठंतरी टेकवल्याचा आवाज झाला. मग सपातांची फरफर. मग कडी. बाईंना ओरडावंसं वाटलं, पण काय आणि कुणाला? दार भिंतीवर आपटलं. पुरुषांचे आवाज, पुष्कळ पाय, भांडं पडलं. "हात वर! वरचा! वरचा बघा!" कुणीतरी जिन्यावरून धावलं. खोकला आता सुटलेला होता, थांबतच नव्हता. आणि मध्येच म्हातारीचा आवाज आला, अगदी स्वच्छ, "अरे, श्वास तर घेऊ द्या त्याला! पंप वर आहे, उशीखाली!"

दुसऱ्या टोकाला धाकटी बोलत होती. "ताई? ताई, कोण आहे गं? ताई, बोल की." पाच मिनिटं झाली. सात झाली. "ताई, मी ठेवलेला नाही फोन. आहे मी." अकराव्या मिनिटाला कुणीतरी फोन उचलला आणि बंद केला.

बाईंनी सगळं लिहिलं होतं. अकराही मिनिटं, एकेक 'ताई' सुद्धा.

सहाच्या सुमारास साहेब परतले. बुटांवर लोखंडाचा कीस होता. पेढे-बिढे वाटायची चाल त्या मजल्यावर नव्हतीच. ते बाईंच्या टेबलाशी उभे राहिले. "पोटमाळ्यावर होता. खाली दुकानात तीन रिकामी सिलिंडरं कापून पुन्हा जोडलेली. उद्या रात्री निघणार होती."

"आणि वेल्डर?"

"त्याचीच जोडणी ती."

"आणि... त्या?"

"त्यांनाही विचारतोय आम्ही." साहेबांनी बाईंकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. "माणसाला पंप मिळाला, एवढं सांगतो. सोमवारी तुमचा खुलासा हवाय. छापील फॉर्म आहे. लाइन बंद करायची तुमची शिफारसही त्याला जोडावी लागेल मला."

"जोडा," बाई म्हणाल्या.

"आणखी एक. वर विचारतील, की बुडी बाई एकट्याच मारतात का."

मास्तर हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत होते.

"मी माझं लिहीन, साहेब. माझ्या कानाचं."

रविवारी बाई बाजारात गेल्या. काही आणायचं नव्हतं, तरी गेल्या. धुकं उठून गेलं होतं. माणसाला माणूस घासत होतं, विक्रेते घसा ताणून ओरडत होते, एक हरवलेलं पोर रडत होतं आणि त्याची आई त्याला सापडल्याबद्दल चोपत होती. कुणाला काही माहीत नव्हतं, आणि काम साधलं म्हणजे ते हेच असतं, हे बाई एकवीस वर्षं ऐकत आल्या होत्या. पण त्यांना हलकं वाटेना. फुगेवाल्याच्या गॅसच्या सिलिंडरकडं त्या इतका वेळ पाहत राहिल्या, की तो म्हणाला, "काय मावशी, नातवाला न्यायचाय का?" मान हलवून त्या तशाच रिकाम्या पिशवीनं परत आल्या.

घरी टेबलावर फॉर्म पसरला. नाव, हुद्दा, चुकीचं स्वरूप, तारीख. एवढं भराभर झालं. सहावा प्रश्न होता, 'अशी चूक यापूर्वी झाली आहे काय? असल्यास किती वेळा?' बाईंचं पेन तिथं अडलं. एकवीस वर्षांत किती 'घ.' लिहिले? हजारो. त्यातलं किती ऐकलं, किती नाही? जे ऐकलंच नाही, त्यात काय होतं ते कुणाला विचारायचं? त्यांना काही जुने स्फोट आठवले, वर्तमानपत्रातले फोटो आठवले, आणि त्या महिन्यांत आपल्याकडं कुठल्या लाइनी होत्या ते आठवेना. आठवेना, का आठवायचं नव्हतं? त्यांनी 'होय' लिहिलं. पुढं 'सांगता येत नाही' लिहिलं. खाडाखोड न करता कागदाची घडी घातली.

"अगं!" नवरा मोरीतून ओरडला. कान गेलेल्या माणसाला आपला आवाजही कळत नाही. "चादरी भिजवून दोन तास झाले! पाणी जाईल आता!"

"आले, आले! गल्लीला कशाला सांगताय!"

बाईंनी पदर खोचला. दोघांनी मिळून मोठी चादर बादलीतून उपसली. त्यानं एक टोक धरलं, त्यांनी दुसरं. तो उजवीकडं पिळायला लागला, त्या डावीकडं, आणि गार पाण्याची धार दोघांच्या पायांवर पडली.

"नीट धर," तो म्हणाला. "सुटतंय तुझ्या हातातून."

बाईंनी टोक मनगटाला गुंडाळलं आणि पुन्हा पिळायला घेतलं.